सरकारतर्फे कोण उभे राहते?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माहेर शिरूर तालुक्यातले आणि सासर दौंडचे, त्यामुळे या दोन्ही गावांच्या कोर्टकचेरीच्या गोष्टी लहानपणापासून कानांवर आहेत. ‘सरकारी वकील’ हा शब्द आपण भगिनी नेहमी ऐकतो. हा माणूस नक्की कोणाचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

गोष्ट जुनी आहे. शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. १८७४ साली तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर काळूराम सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडून टाकले. कागदावर सारे कायदेशीर! कोर्टाचा शिक्का, सही, सर्व काही जागच्या जागी. गावाला मात्र ते सहन झाले नाही. गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला, त्याची कामे करण्याचे सोडले. हे लोण गावोगाव पसरले.

त्यामागे मोठी कारणे होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढवला. शेतकऱ्याला लिहिता वाचता येत नसे. रोख्यावर काय लिहिले आहे ते न कळता तो अंगठा उठवी. घरातल्या बाईला तर कोणी विचारीतही नसे, भांडी जप्त होताना तेवढे तिला कळे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, त्या वेळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आपले दौंडही त्याच भीमथडीत. लोकांनी सावकारांची घरे, दुकाने गाठली. मुख्य रोख पैशांवर नव्हता, रोख्यांवर होता. जेथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद जाळले की लोक माघारी फिरत. पुढे पुणे व नगर हे दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसे धरली गेली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. म्हणजे जवळजवळ निम्मे सुटले. सगळे गाव एक झाल्यावर सरकारतर्फे साक्ष द्यायला पुढे कोण येणार, असे मला आपले वाटते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. न्यायाधीशाने रोखा पाहून न थांबता मागचा सगळा हिशेब उकरून पाहावा, असे त्यात ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. मला त्यातले एक कलम फार आवडते. समोरच्याने वकील दिला असेल आणि शेतकऱ्याला तो देण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशाने त्याच्या संमतीने सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या बाजूने उभे करावे! न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करीत. रमाबाईही त्यांच्याबरोबर मुक्कामाला असत.

हे दिवाणीचे झाले. फौजदारीत तालुक्याच्या कोर्टात पुष्कळ वर्षे पोलीस अधिकारीच खटला चालवी. ज्याने पकडले त्याच्याच खात्याने आरोप शाबीत करायचा! ही रीत १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेने बदलली. आता शिरूर, दौंडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सहायक सरकारी अभियोक्ते उभे राहतात. त्यांच्यात आता स्त्रियाही आहेत. बायकांना वकिलीची सनद नाकारता येणार नाही, असा कायदा १९२३ साली झाला, त्याचे हे फळ.

२०११ साली दौंडच्या बाजारातून परतताना माझ्या गळ्यातली बोरमाळ दोघांनी ओढून नेली. पुढे साक्षीला बोलावणे आले. सरकारी वकील बाईच होत्या. मी म्हटले, “बाई, तुम्ही माझ्या वकील ना, मग मी काय बोलू ते सांगा.” त्या म्हणाल्या, “मी तुमची वकील नव्हे, सरकारची. तुम्ही जे पाहिले तेवढेच बोला, त्याहून एक शब्द जास्त नको.” गाडीवर मागे बसलेल्याचा चेहरा मी नीट पाहिला होता. पुढच्याने तोंडाला रुमाल बांधलेला होता. मी तसेच सांगितले. मागच्याला शिक्षा झाली, पुढचा सुटला. घरी दीर रागावले, “तूही हाच म्हणाली असतीस तर काय बिघडले असते?” शेजारणीही कुजबुजल्या. परंतु त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. खरा आरोपी सुटू नये हे जितके त्यांचे काम, तितकेच नुसत्या संशयावर कोणी आत जाऊ नये हेही त्यांचेच काम. न्यायाधीशापुढे सत्य मांडायचे, मग निकाल कसाही लागो.

आपल्याला स्वतःचा वकील द्यायचा असेल तर कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो, ही सोय २००९ पासून आहे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आहे. तपास कुठवर आला ते पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे, असे तीत आहे. आणि सरकारी वकील खटला मागे घेऊ म्हणाला, तर जिच्यावर अन्याय झाला तिला बोलण्याची संधी दिल्याशिवाय कोर्टाने परवानगी द्यायची नाही, हेही त्यात आहे.