टोपीखालची माणसं : प्रवरेकाठचे उत्खनक



विषय थोडा गमतीचा वाटेल, पण गंमत फार वेळ टिकणार नाही. पुरातत्त्वज्ञ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? तपकिरी फेल्टची टोपी, हातात चाबूक, मागून घरंगळत येणारा मोठा धोंडा. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा चित्रपट आला १९८१ साली, आणि तेव्हापासून या शास्त्राला एक टोपी कायमची चिकटली. तिचं नाव फेडोरा. हे नाव मुळात एका फ्रेंच नाटकाचं. ते १८८२ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं, सारा बर्नहार्ट या नटीने त्यात राजकन्या फेडोराची भूमिका केली आणि तिच्या टोपीची फॅशन झाली. म्हणजे जगातल्या सगळ्यात मर्दानी समजल्या जाणाऱ्या या टोपीची सुरुवात बाईच्या डोक्यावर झाली. असो.

इंडियाना जोन्सचा पोशाख ठरवताना एक जुना चित्रपट समोर ठेवला होता, 'सीक्रेट ऑफ द इंकाज'. त्यात चार्ल्टन हेस्टन पेरू देशातल्या माचू पिचूच्या अवशेषांत तशीच टोपी घालून खजिना शोधतो. हा चित्रपट १९५४ सालचा. आता हे साल लक्षात ठेवा. त्याच १९५४ साली आपल्या नेवाशात, प्रवरेच्या काठावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी कुदळ मारली. तिकडे पडद्यावर टोपीवाला सोन्यासाठी धावत होता, इकडे लाडमोडच्या टेकाडावर एकेक वीत माती उतरवली जात होती. या दोन कामांत फरक काय, हे मला आज सांगायचं आहे. आणि तो फरक आपल्याच जिल्ह्यात, चाळीस-पन्नास मैलांच्या टापूत दाखवता येतो.

आधी टोपीचं पुरतं सांगून टाकतो. आपल्याकडच्या जुन्या उत्खननांच्या छायाचित्रांत फेडोरा फारशी नाही, खाकी अर्धी विजार आणि सोला हॅट दिसते. लोकांना वाटतं की 'सोलर' म्हणजे सूर्य, म्हणून सोला हॅट. तसं नाही. शोला ही पाणथळ जागी उगवणारी वनस्पती, आणि तिच्या आतला पांढरा, हलका गाभा म्हणजे आपलं भेंड. लग्नात नवरानवरीची बाशिंगं ज्या भेंडाची करतात, तेच भेंड साहेबाच्या टोपीत. हिंदुस्थानातलं ऊन डोक्यात शिरलं की गोरा माणूस खलास, अशी साहेबाची पक्की समजूत होती, आणि पुढे साहेबाच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या लोकांनीही ती टोपी उचलली. मे महिन्यात नेवाशाला उघड्यावर उभं राहिलेल्याने त्यांना हसू नये! पण खड्ड्यातून जी माती वर येते ती वाहून नेणाऱ्या बायांच्या डोक्यावर हॅट नसते. तिथे पदर असतो, पदरावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी. उत्खननाचा अहवाल हॅटवाले लिहितात, टेकाड मात्र चुंबळीवरून हलतं.

तर नेवासा. ज्ञानेश्वरीचं गाव, पैस खांबाचं गाव, मोहिनीराजाचं गाव. एवढं सगळं असलेल्या गावात आणखी खाली काय असणार, असं वाटलं असतं. हसमुख धीरजलाल सांकळिया यांना तसं वाटलं नाही. जन्म १९०८, मुंबईचे गुजराती, लंडनला पीएच.डी. केलेली. तिथे असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कासल या टेकडीवरच्या उत्खननात त्यांनी काम केलं होतं. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं. नेवाशाच्या आधी १९५०-५१ मध्ये त्यांनी आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळच्या जोर्वे गावात खोदलं होतं. तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी असलेली खापरं मिळाली. अशी खापरं पुढे महाराष्ट्रभर सापडत गेली, आणि त्या सगळ्या संस्कृतीला नाव पडलं 'जोर्वे'. प्रवरेकाठच्या एका लहान गावाचं नाव आज जगातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. संगमनेर स्टँडवर जोर्व्याची गाडी धरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

नेवाशाच्या अहवालाचं नाव आहे 'फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी अ‍ॅट नेवासा', इतिहासाकडून प्रागितिहासाकडे. नावातच कामाची दिशा आहे. वर मुसलमानी-मराठा काळ, त्याखाली सातवाहनांचा काळ आणि रोमन मद्यकुंभांचे तुकडे. म्हणजे भूमध्य समुद्राकाठची दारू कुठल्या तरी बंदरातून घाट चढून नेवाशाला येत होती. त्याखाली तांब्या-दगडाची हत्यारं वापरणारे पहिले शेतकरी. आणि शेजारच्या नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगाची दगडी हत्यारं. त्यातल्या एका प्रकाराला, बारीक कणांच्या दगडाच्या छिलक्यांपासून केलेल्या हत्यारांना, सांकळियांनी 'नेवासियन' म्हटलं. इंग्लंड-फ्रान्समधल्या गावांची नावं अश्मयुगाला देण्याची रीत होती, त्यात नेवासा जाऊन बसलं.

या उत्खननातली मला सगळ्यात मोठी वाटणारी वस्तू अगदी लहान आहे. ताम्रपाषाण काळातले हे लोक मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत ठेवायचे. रांजणांची तोंडं एकमेकांना लावून ते घराच्या जमिनीतच पुरायचे. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. माती-पाण्यात सूत काही वर्षांत कुजून जातं, पण तांबं गंजलं की त्याचे क्षार धाग्यात मुरतात आणि कुजवणारे जंतू तिथे जगत नाहीत. मण्यांच्या भोकांत धाग्याचे अवशेष उरले होते. ते तपासले तेव्हा कापसाच्या पेळूसारख्या गाभ्यावर रेशमाचे तंतू असल्याची नोंद झाली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी नेवाशातल्या कुणा आईबापांनी आपल्या मेलेल्या लेकराच्या गळ्यात रेशमात ओवलेली माळ घातली. सिनेमातल्या टोपीवाल्याने तिच्यावर पाय देऊन पुढची उडी मारली असती. बाजारात तिची किंमत शून्य. पण ती कुठल्या थरात होती, कुठल्या घराच्या जमिनीखाली, कुठल्या रांजणात, हे सगळं नोंदलेलं होतं, म्हणून एवढं बोलता येतं.

इथे थोडं नगर शहरात येऊ. आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ अजून वळत नाही. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते ४५ काँग्रेसचे पुढारी कैदेत होते, हे आपण शाळेपासून ऐकतो. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हेही ऐकतो. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आलेली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. नेहरू तिथे बागेसाठी जमीन खणत होते. खणताना जुन्या भिंती लागल्या, गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमट लागले, एके ठिकाणी भिंतीवर दगडात कोरलेलं कमळ निघालं. पुढे खोल जाता आलं नाही, कारण कैद्यांनी खोल खणणं सरकारला पसंत नव्हतं! ते का, हे उघड आहे. गांधी टोपीवाल्या कैद्याला निजामशाहीचे घुमट दिसले, आणि तुरुंगाधिकाऱ्याला दिसलं भुयार.

पुन्हा प्रवरेकडे. साहसी पुरातत्त्वज्ञ शोधायचाच असेल तर मी ज्यांचं नाव घेईन त्या बाई होत्या. गुड्रुन कॉर्विनस, जर्मन भूशास्त्रज्ञ. नेवाशाजवळ चिरकी नावाचा ओढा प्रवरेला मिळतो. तिथे १९६६ ते ६९ त्यांनी उत्खनन केलं. दगडगोट्यांच्या थरावर हातकुऱ्हाडी आणि फरश्या सापडल्या, लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाने घडवलेल्या. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. प्रवरेचं सगळं खोरं त्यांनी पाहिलं. नदीने कुठे काठ बदलला, कुठे गाळ टाकला, तो कुठे कापून काढला, हे तपासून मोठा ग्रंथ लिहिला. मग त्या गेल्या इथिओपियात. हदार भागात जे आंतरराष्ट्रीय पथक काम करत होतं, ज्यांना १९७४ मध्ये 'लुसी'चा सांगाडा मिळाला, त्यात त्या होत्या. पुढे कित्येक वर्षं नेपाळच्या दांग आणि देवखुरी खोऱ्यांत हिंडून त्यांनी तिथलं अश्मयुग उजेडात आणलं. २००६ साली पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. इतकं फिरलेली बाई, पण तिच्यावर सिनेमा नाही. कारण तिने काय मिळवलं असं विचारलं तर उत्तर आहे : नदीच्या गाळाचा क्रम. तिकीट कोण काढणार?

आता दायमाबाद. हे ओसाड गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर. पुरातत्त्व खात्याच्या भा. प्र. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये ही जागा हुडकली आणि लगेच म. न. देशपांडे यांनी पहिलं उत्खनन केलं. नंतर पंधरा वर्षं शांतता. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा तिथला माणूस झाडाचं मूळ खणत असताना त्याच्या कुदळीला धातू लागला. निघालं काय? दोन बैल जुंपलेला रथ, त्यात उभा माणूस, सोबत कुत्रं. शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं काशाचं, भरीव ओतलेलं, मिळून साठ किलोंच्या वर. एकटा रथच सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. भारतीय पुरातत्त्वात या तोडीचा दुसरा साठा दाखवणं कठीण आहे. आणि तो कुठल्याही हॅटवाल्याला सापडला नाही.

इथे माचू पिचू आठवतं. हायरम बिंगहॅमने ते १९११ मध्ये 'शोधलं' असं म्हणतात. रुंद काठाच्या टोपीतलं त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. तो वर पोचला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, पायऱ्यापायऱ्यांच्या वावरात पिकं उभी होती, आणि वाट दाखवायला एक लहान मुलगा बरोबर दिला होता. बिंगहॅमने वस्तू येल विद्यापीठात नेल्या. त्या पेरूला परत मिळायला शंभर वर्षं लागली.

दायमाबादच्या वस्तू देशाबाहेर गेल्या नाहीत, हे आपलं नशीब. पण दुसरं एक नुकसान झालं ते झालंच, आणि त्यात छबू भिल्लाचा काही दोष नाही. वस्तू मातीतून बाहेर आल्या तेव्हा थर पाहणारा कोणी तिथे नव्हता. नंतर शि. रं. राव आले, मग शां. अ. साळी यांनी १९७५ ते ७९ सलग हंगाम खोदलं. त्यांनी पाच संस्कृतींचा क्रम लावला : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे. रथ आणि प्राणी उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे, असं बहुतेकांचं मत झालं. पण धातूचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा त्यात सोमल निघाला, एक टक्क्याहून जास्त. त्या काळच्या इतर वस्तूंत असं सहसा मिळत नाही, म्हणून काही तज्ज्ञांनी त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात अशी शंका काढली. हा वाद पुरता मिटलेला नाही. साठ किलो कासं हातात आहे, आणि त्याचं वय सांगताना आपण चाचरतो. नेवाशाच्या चिमूटभर सुताबद्दल मात्र खात्रीने बोलतो.

आपल्या भाषेत गावच्या जमिनीचे दोन भाग आहेत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. माणसांच्या राखेने, शेणाने, पडक्या भिंतींनी जी माती पांढुरकी होते ती पांढरी. जोर्वे, नेवासा, दायमाबाद ही सगळी पांढरीचीच टेकाडं. ही माती घर लिंपायला चांगली, शेतात टाकायला चांगली, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या ती नेत आले. पूर्वी बैलगाडीने न्यायचे, तेव्हा टेकाड शंभर वर्षांत वीतभर खचायचं. आता जेसीबी लागतो आणि दोन दिवसांत सपाट होतं. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठांवर असं होताना तुम्हीही पाहत असाल. त्यातून निघालेली खापरं बांधावर पडतात, एखादं तांबं-पितळ भंगारात जातं.

कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि सापडवणाऱ्याचा हक्कही त्यात धरलेला आहे. लोक भितात ते शेत सरकारजमा होईल म्हणून. एखादा रांजण निघाला म्हणून शेत जात नाही. आधी तहसील कार्यालयात लेखी कळवा. पण त्याच्याही आधी एक करा. वस्तू उचलू नका, धुऊ नका. आहे तिथे, आहे तशी राहू द्या, खड्ड्याची उभी बाजू मातीच्या रंगांसकट दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा. आकार कळायला शेजारी मोजपट्टी ठेवतात, ती तुमच्यापाशी नसणार. मग डोक्यावरची टोपी काढून वस्तूशेजारी ठेवा. तीही चालते.