उपासनेला पुरोहित कशाला?

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात संध्याकाळच्या वंदनेला भिक्खू नसतो. ज्याला त्रिशरण-पंचशील मुखोद्गत आहे तो पुढे बसतो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. लहानपणी मला यात काही विशेष वाटले नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास वाचताना मात्र या साध्या गोष्टीचे मोल कळले.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ साली ठाणे उघडले. पुढे ख्रिस्ती झालेल्यांत महारांची संख्या मोठी झाली. खेडी दूरदूर, पाळक मोजके. मग रविवारची उपासना चालवायची कोणी? ती चालवली मिशन-शाळेच्या मास्तराने. आठवडाभर महारवाड्यात मुले शिकवणारा हा माणूस रविवारी शास्त्र वाची, गीत सांगे, प्रार्थना करी. त्याला कोणी पाळकपदाची दीक्षा दिलेली नव्हती. ज्याच्या सावलीचा गावाला विटाळ, तोच ग्रंथ उघडून जमलेल्यांपुढे उभा राहिला! बायबल-बायांनी तर घरोघर बायकांना शास्त्र वाचून दाखवले. ही घटना केवळ धर्माची नाही, समाजक्रांतीची आहे.

पण दुसरी बाजू झाकून चालणार नाही. मास्तर प्रार्थना चालवी. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन मात्र दीक्षित पाळकाच्याच हाती. १८५४ साली या मिशनने हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपद दिले. दोघेही जन्माने ब्राह्मण. पुढे महारांतूनही पाळक झाले, हे खरे. तरी वस्तीतली रोजची राबणूक एकाची आणि विधीचा अधिकार दुसऱ्याचा, ही वाटणी राहिलीच. १९१७ साली ना. वा. टिळकांनी मिशन सोडून 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. भिंतीला पडलेले ते एक भगदाड होते.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' या पुस्तकात वंशपरंपरागत पुरोहितपण मोडा, असे बजावले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः, चीवर न घालता, लाखोंना दीक्षा दिली. गृहस्थाने दिलेली दीक्षा! गोरेगावच्या वंदनेचे मूळ तिथे आहे.

म्हणूनच सावध राहिले पाहिजे. उद्या वंदना सांगणारा ठरावीक घरातलाच असेल, दक्षिणेसाठी अडून बसेल, बाईला पुढे बसू देणार नाही, तर आपण भटजीच बदलला, भटशाही नाही. नगरच्या त्या अनाम मास्तराने उघडलेला ग्रंथ आपल्याच हाताने मिटवायचा आहे काय?