माणुसकी : दान की देणे?

स्वारगेटच्या एस. टी. स्टँडवरचा एक म्हातारा हमाल आम्हांस आठवतो. एका शेटजींनी त्याला थंडीत घोंगडी दिली आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्याशी हमालीवरून घासाघीस केली. "घोंगडीला हात जोडले, हमालीला भांडलो," असे तो आम्हांस म्हणाला. आमची शाळा लवकर सुटली. नीतिशास्त्र शिकलो ते असेच.

भूतदया आपल्या धर्मांना नवी नाही. पण तीत देणारा वर आणि घेणारा खाली. ही उतरंड कोणी मोडली, हे पाहावयास स्टँडवरून फार लांब जावे लागत नाही. गंज पेठेत जोतीराव फुल्यांचे घर आहे. त्यांचा 'निर्मिक' सर्वांचा सारखाच जन्मदाता. वडिलार्जित मिळकतीत भावाला वाटा दिला, तर त्याला कोणी दान म्हणते काय? १८६८ साली त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच हिशेबाने. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीस मुलांच्या जेवणाची सोय केली. भुकेल्या पोराला आधी भाकरी, हक्काची चर्चा मागाहून, एवढे त्यांना कळत होते.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा विचार मुंबईच्या गिरणीत नेला. १८८४ च्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, या मागण्या तर होत्याच. आम्हांस मोठी वाटते ती निराळीच : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा. तुटलेल्या बोटासाठी मालकाने खुशीने दोन रुपये हातावर ठेवणे ही दया. पगार चालू ठेवणे हे देणे. हा फरक ज्याचे बोट तुटते त्यालाच नीट कळतो.

रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. जोतीराव तेव्हा पक्षाघाताने आजारी होते. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून काढले होते. एकाच घरात निरनिराळ्या धर्मांची माणसे प्रेमाने नांदावीत, असे त्यात आहे. २८ नोव्हेंबरला ते गेले; पुस्तक १८९१ साली निघाले.

१८९७ च्या प्लेगात लोखंडे मुंबईस रोग्यांच्या कामी लागले, सावित्रीबाई पुण्यास. लोखंडे ९ फेब्रुवारीला गेले, सावित्रीबाई १० मार्चला, दोघेही प्लेगानेच.