‘बदली’ आणि ‘वर्कमन’ : कामगारवाचक शब्द व हक्कांची सीमा

प्रस्तावना

‘वर्कर’, ‘वर्कमन’ आणि ‘एम्प्लॉयी’ या इंग्रजी शब्दांसाठी मराठीत आपण ‘कामगार’ किंवा ‘कर्मचारी’ हे शब्द सहजपणे योजतो. व्यवहारात त्याने फारसे अडत नाही. परंतु कायद्याच्या इतिहासात या शब्दांच्या व्याख्येवरच हक्क मिळाले वा नाकारले गेले. प्रस्तुत निबंधात दोन उदाहरणांद्वारे हे पाहावयाचे आहे.

बदली

मुंबईच्या कापड गिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी तात्पुरत्या घेतल्या जाणाऱ्या माणसास ‘बदली’ म्हणत. त्याने सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे आणि जॉबरच्या मर्जीने काम मिळवावे, अशी रीत होती. व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालाने जॉबरच्या या सत्तेवर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. ‘जॉबर’, ‘मस्टर’ हे इंग्रजी शब्द मराठीत रुळले, तर ‘बदली’ हा शब्द उलट दिशेने इंग्रजी कायद्यात गेला. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९५३ च्या दुरुस्तीने ले-ऑफच्या काळात वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाईची तरतूद झाली. तीतून ‘बदली वर्कमन’ वगळण्यात आला. मात्र एक वर्षाची सलग सेवा पूर्ण झाल्यावर तो या तरतुदीपुरता ‘बदली’ राहत नसे.

वर्कमन

दुसरे उदाहरण आपल्या व्यवसायातील आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या सेवासमाप्तीच्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ असल्याचे मान्य केले. तथापि शिक्षक ‘वर्कमन’ नाही, असा निर्णय दिला. अध्यापन हे व्याख्येतील शारीरिक, तांत्रिक, कारकुनी वा पर्यवेक्षकीय कामांत मोडत नाही, ही त्यामागील भूमिका होती. परिणामी त्याच संस्थेतील लिपिकास या अधिनियमाचा आधार मिळू शकत होता. शिक्षकास तो मिळत नव्हता.

निष्कर्ष

औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ‘वर्कर’ व ‘एम्प्लॉयी’ यांच्या व्याख्या स्वतंत्र आहेत. म्हणून हे शब्द शिकविताना केवळ मराठी प्रतिशब्द देणे पुरेसे नाही. त्या शब्दाच्या आत कोण येतो आणि बाहेर कोण राहतो, हेही विद्यार्थ्यांसमोर मांडणे अगत्याचे आहे.