मस्टरवर नसलेला मासा



माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. तेथे एक गोष्ट पक्की शिकलो. माणूस महिनाभर राबला, पण मस्टरवर त्याचे नाव नसेल, तर पगाराच्या दिवशी तो राबलाच नाही असे ठरते. आज सांगावयाची हकीकत आहे एका बोटभर माशाची. पण मुद्दा तोच आहे.

मालदीव बेटांच्या प्रवाळखडकांवर ४० ते ७० मीटर खोलीत, जेथे उन्हाचा केवळ संधिप्रकाश उरतो, तेथे हा मासा राहतो. रंग गुलाबी, नारिंगी, किरमिजी. १९९० च्या दशकात तो शास्त्रज्ञांच्या हाती आला. पण नोंद झाली ती दुसऱ्याच्या नावावर. दक्षिणेकडील चागोस बेटांतील एकाच पिलावरून रँडल व एमरी यांनी १९८३ साली एका जातीचे वर्णन केले होते. हाही तोच, असे धरून चालले.

आणि ही चागोस बेटे कोणती? जेथील नारळमळ्यांत राबणारी सारी वस्ती ब्रिटिश सरकारने १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकन तळासाठी हुसकावून लावली, ती! तेथल्या माशाला शास्त्राच्या वहीत जागा मिळाली, तेव्हा माणसांना स्वतःच्या बेटावर जागा उरली नव्हती.

इकडे मालदीवचा मासा शोभेसाठी विकला जात होता. नाव नाही, पण भाव आहे! ज्याची वेगळी नोंदच नाही, त्याचे किती धरले नि किती उरले, हा हिशेब कोण ठेवणार? सुदैवाने तो तेथे विपुल आहे.

अखेर २०२२ साली यी-काई टी, अहमद नजीब, लुईस रोचा आदींनी प्रौढ मासे तपासले. नराचा रंग, पृष्ठपराच्या काट्यांची उंची, खवल्यांची संख्या ताडून पाहिली. जात निराळी ठरली. नजीब हे मालदीवच्याच सागर संशोधन संस्थेतले. त्या पाण्यातील शेकडो माशांची शास्त्रीय नावे परक्यांनी ठेवली होती. तद्देशीय संशोधकाचा हात लागलेले हे पहिलेच. नाव दिले 'फिनिफेन्मा', म्हणजे गुलाब. त्यांचे राष्ट्रीय फूल. शब्द त्यांच्या दिवेही भाषेतला, जी मराठीप्रमाणेच आर्यभाषाकुळातली.

मालदीव स्वतंत्र झाले १९६५ साली. या नावाला आणखी ५७ वर्षे लागली. राज्य हाती आले म्हणजे नोंदवहीही आपोआप हाती येत नाही, मित्रहो. ती शिकून घ्यावी लागते.