ट्रेलरमधल्या बंबाचे कूळ

अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर जा आणि उभ्या असलेल्या एखाद्या ट्रेलरभोवती फेरी मारा. बाहेरच्या भिंतीत साधारण गुडघ्याच्या उंचीवर जाळीचे एक चौकोनी पत्र्याचे दार दिसेल. त्यामागे पाणी तापवायची टाकी असते, बहुतेकदा सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटरची. पाणी तापवायला तिच्यात दोन सोयी असतात. एक प्रोपेनची ज्योत, दुसरी विजेचे एलिमेंट. ज्योत पेटवायला आणि तिच्यावर पहारा ठेवायला बॅटरीची १२ व्होल्ट वीज लागते, एलिमेंटला घरातली १२० व्होल्ट. टाकी कधीतरी गळू लागते. मग मालक नवी आणतो, जुनी भोकातून ओढून काढतो, आणि आत लोंबणाऱ्या तारांकडे बघत बसतो. काळी, पांढरी, लाल, पुन्हा एक पांढरी, एक उघडी तांब्याची. या तारा एका घराण्यातल्या नाहीत, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आधी गॅसची बाजू. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याला आइसलंडमधल्या उष्ण फवाऱ्यांवरून ‘गीझर’ म्हटले. यंत्र चालायचे, पण त्याला धुराडे नव्हते. जळालेला वायू जिथे आंघोळ चाललेली असे त्याच खोलीत सुटायचा. पुण्या-मुंबईत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. दीडशे वर्षांपूर्वीचा तोच दोष, फक्त पत्ता बदललेला. ट्रेलरमधल्या टाकीचे दार बाहेरच्या बाजूला असते ते याचसाठी. बर्नर हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. माणसे झोपतात त्या खोलीशी त्या हवेचा संबंध येऊ द्यायचा नाही, हा या यंत्राचा पहिला नियम. म्हणून नवी टाकी बसवताना दाराच्या चौकटीभोवती सील नीट बसले की नाही हे तारांच्याही आधी पाहायचे असते.

मॉनचे यंत्र वाहते पाणी तापवायचे. पाणी साठवून तापवणारा आणि तापले की आपणहून बंद होणारा हीटर घडवला तो एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या इंजिनिअरने, १८८९ च्या सुमारास, पिट्सबर्गमध्ये. त्या वेळी तो जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या एका गॅस कंपनीत कामाला होता. पुढे त्याने त्याच शहरात स्वतःचा कारखाना काढला. टाकी, खाली बर्नर, पाण्याच्या उष्णतेवर उघडमीट होणारी गॅसची झडप: आजच्या अमेरिकन घरांतल्या तळघरात उभा असलेला हीटर पाहिला तर रूड त्याला लगेच ओळखेल.

ट्रेलरमधल्या टाकीत ज्योत मात्र खालून लागत नाही. ती टाकीच्या पोटातून जाणाऱ्या वाकड्या नळीत शिरते, नळी पाण्याने वेढलेली असते, आणि धूर त्याच दाराच्या वरच्या अंगाने बाहेर पडतो. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना वेगळे सांगायला नको: निखारे मध्ये, पाणी भोवती. फक्त इथे बंब आडवा पाडलेला आहे.

पिट्सबर्गचे नाव पुन्हा घ्यावे लागते. १९१० साली तिथल्या एका मोटारवाल्याची तक्रार होती, की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोचेपर्यंत अर्धे उडून जाते. अमेरिकेच्या खाण खात्यातला रसायनतज्ज्ञ वॉल्टर स्नेलिंग याने नमुना काचेच्या सुरईत भरून नेला, तर वाटेत बूच सारखे उडत राहिले. पेट्रोलमध्ये काहीतरी होते, जे द्रव राहायला तयार नव्हते. ते वेगळे काढायला त्याने प्रयोगशाळेतल्या सटरफटर वस्तू जमवून एक ऊर्ध्वपातन यंत्र उभे केले, आणि त्यात वेटोळी वापरली ती एका जुन्या पाण्याच्या हीटरची. अशा रीतीने प्रोपेन हाती लागला. पुढे शंभरेक वर्षे जो वायू फिरत्या घरांत पाणी तापवणार होता, तो वेगळा काढला गेला मोडक्या हीटरच्या नळीतून. हे कुणी कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने खोडले असते. स्नेलिंगला १९१३ साली पेटंट मिळाले आणि नंतर ते तेलव्यावसायिक फ्रँक फिलिप्सने ५०,००० डॉलरला विकत घेतले.

फिरत्या घराला प्रोपेनच का, याचे उत्तर त्याच्या उत्कलनबिंदूत आहे: उणे ४२ अंश सेल्सियस. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनचा वाटा असतो, आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचे नाकारतो. महाराष्ट्रात ते कुणाला जाणवत नाही. कोलोरॅडोच्या डोंगरात ऑक्टोबरच्या पहाटे मात्र निव्वळ ब्यूटेनवर आंघोळ झाली नसती.

सुरुवातीच्या फिरत्या घरांत गरम पाणी नव्हतेच. १९१० सालच्या पिअर्स-ॲरो टूरिंग लँडॉ या मोटारीत मागची बैठक पलंग व्हायची आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून हात धुवायचे भांडे खाली उघडायचे, त्यातच मालक खूश. १९३०च्या दशकातल्या ट्रेलरवाल्यांची भिस्त बादलीवर आणि कॅम्पच्या सार्वजनिक न्हाणीघरावर. चित्र पालटले दुसऱ्या महायुद्धानंतर. एअरस्ट्रीम या ट्रेलर कंपनीचा संस्थापक वॉली बायम लोकांचे तांडे घेऊन मेक्सिकोत, आणि १९५९ मध्ये थेट केपटाउनहून कैरोकडे निघाला. रस्त्यालगत नळ आणि प्लग असेल या भरवशावर असा प्रवास होत नाही. पाण्याची टाकी, गॅस, बॅटरी सगळे पाठीशी बांधून न्यायचे. ट्रेलरमधला हीटर या हट्टाचे अपत्य आहे.

त्या काळच्या हीटरला वीज लागतच नसे. एक छोटी पायलट ज्योत सतत तेवत ठेवायची. तिच्या टोकाशी दोन वेगळ्या धातूंचा जोड, म्हणजे थर्मोकपल. दोन धातूंच्या जोडाला एका टोकाला तापवले की विद्युत परिणाम दिसतो, हे झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये नोंदवले होते. त्यातून निघणारे थोडेसे मिलिव्होल्ट गॅसची झडप धरून ठेवायला पुरतात. पायलट विझली, जोड थंड झाला, की झडप आपोआप बंद. अतिशय देखणी युक्ती. माझ्या मते या सबंध यंत्रातली सर्वांत देखणी. पण पायलट विझायची ती नेमकी वारा सुटल्यावर, आणि पेटवायला बाहेर जाऊन, गुडघे टेकून, त्या बुटक्या दारात हात घालावा लागे. पेट्रोल पंपावर जाण्यापूर्वी आठवणीने विझवावी लागे ती वेगळीच.

म्हणून आली ठिणगी, आणि तिच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक बोर्ड. आत स्वयंपाकघरात स्विच दाबायचा. बोर्ड १२ व्होल्टवर गॅसच्या झडपा उघडतो, ठिणगी पाडतो, आणि मग ज्योत लागली का ते ज्योतीलाच विचारतो. ज्योतीत आयन असतात, त्यामुळे तिच्यातून वीज वाहते, आणि इलेक्ट्रोड बारीक व बर्नर मोठा असल्याने एका दिशेला जास्त वाहते. हा प्रवाह असतो काही मायक्रोॲम्पियर. काही सेकंदांत तो सापडला नाही तर गॅस बंद, आणि आतल्या स्विचवर लाल दिवा. टाकीवर गंज किंवा बर्नरपाशी अर्थची तार सैल असेल तर ज्योत नीट लागूनही बोर्डाला ती दिसत नाही. नवा हीटर बसवल्यावर ‘पेटतो आणि विझतो’ अशी तक्रार येते तेव्हा गॅसला दोष देण्याआधी काळजीपूर्वक पाहायची ती ही अर्थची तार.

आता विजेचा वंश. एलिमेंटच्या पोटातली निक्रोमची तार धातुतज्ज्ञ अल्बर्ट मार्शच्या मिश्रधातूची. पेटंट १९०६ चे. त्याआधी तापलेली तार हवेत जळून जायची, ही टिकली. ती मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत घट्ट दाबून नळीत बसवली की पाण्यात बुडवता येते. १२० व्होल्ट ही एडिसनच्या ११० व्होल्टची वाढलेली नात: न्यूयॉर्कमधले त्याचे पर्ल स्ट्रीटचे वीजघर १८८२ साली सुरू झाले. आणि १२ व्होल्ट आले डेट्रॉइटहून. अमेरिकन मोटारी पन्नाशीच्या दशकात सहा व्होल्ट सोडून बारावर आल्या आणि ट्रेलर त्यांच्यामागे.

एलिमेंट या टाकीत घुसले त्यामागे शुद्ध हिशेबीपणा आहे. कॅम्पग्राउंडच्या भाड्यात वीज आलेलीच असते, प्रोपेन मात्र पदरच्या पैशाने भरावा लागतो. सबर्बन या हीटर बनवणाऱ्या कंपनीच्या सहा गॅलनच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये बर्नर ताशी १२,००० बीटीयूचा, एलिमेंट १,४४० वॅटचे. १५ अंशांचे पाणी ५४ अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे एलिमेंटला पाऊण तास. बर्नरची बरीच उष्णता धुराबरोबर गेली तरी तो निम्म्या वेळात काम उरकतो. दोन्ही एकदम लावले तर पंधरा-वीस मिनिटे. पण १,४४० वॅट म्हणजे १२ ॲम्पियर. कॅम्पच्या ३० ॲम्पियरच्या जोडणीत हीटर, एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालू केला की ब्रेकर पडतो. केवळ गॅसवरचा हीटर काढून दोन्हींवरचा बसवणाऱ्याला म्हणूनच पॅनेलपासून स्वतंत्र ब्रेकर आणि स्वतंत्र जाड तार ओढावी लागते. जवळच्या प्लगमधून चोरून भागत नाही.

आणि आता त्या लोंबणाऱ्या तारा. अमेरिकन घरात काळी तार जिवंत, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी अर्थ. मोटारीत लाल धन, काळी ऋण. ट्रेलरमध्ये दोन्ही परंपरा एका भिंतीत भेटतात, आणि बऱ्याच ट्रेलरांत १२ व्होल्टची पांढरी तार ऋण असते व काळी धन. म्हणजे मोटारीची सवय असलेला माणूस काळीला ऋण समजून उलटी जोडणार, घराची सवय असलेला दोन्ही पांढऱ्या एकत्र पिळणार. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाची गंमत तिसरीच. आपल्या वायरमनने शिकवलेले डोक्यात पक्के: लाल फेज, काळी न्यूट्रल. ही शिकवण इथे हाताला झटका देईल. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा. कॅम्पची केबल आणि बॅटरी दोन्ही सोडवून मगच हात घालायचा. १२ व्होल्टच्या तारांवर चुकून १२० सोडले की बोर्ड क्षणात जातो, आणि बोर्ड स्वस्त नसतो.

शिवाय कंपन्यांची घराणी वेगळी. काही मॉडेलांत एलिमेंटची १२० व्होल्टची तार थेट स्विचमधून जाते. काहींत भिंतीवरचा १२ व्होल्टचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि जड काम रिले करतो. एका प्रकारच्या जागी दुसरा बसवला तर जुन्या स्विचच्या तारा नव्याला उपयोगी पडतीलच असे नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांचाही एक नियम बरेच जण विसरतात: ट्रेलरच्या पॅनेलमध्ये ते एकमेकांना जोडायचे नसतात. तो जोड बाहेर, विजेच्या मुख्य जोडणीपाशी असतो. आत जोडले आणि बाहेर न्यूट्रल तुटली, तर ट्रेलरचा सगळा पत्राच जिवंत होऊ शकतो.

टाकीच्या धातूतही दोन पंथ. रॉकफर्डची ॲटवूड, जी आधी मोटारींच्या दारांचे भाग करायची, तिने ॲल्युमिनियम निवडले. आणि ॲल्युमिनियमचा धंदा ज्या चार्ल्स मार्टिन हॉलच्या पद्धतीवर उभा राहिला, त्याची कंपनी १८८८ साली निघाली ती पुन्हा पिट्सबर्गमध्येच. सबर्बनची टाकी पोलादी, आतून काचेसारखा मुलामा, आणि बुचाला मॅग्नेशियमची कांडी. ही कांडी पोलादाऐवजी स्वतः झिजते. युक्ती रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची: १८२४ मध्ये त्याने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण विषारी क्षार सुटेनासे झाल्यामुळे त्यावर शंख-शिंपले भरघोस वाढले आणि नौदलाने नाद सोडला. सबर्बनचा कारखाना टेनेसीतल्या डेटन गावचा. 

कांडी झिजली की बदलायची, ॲल्युमिनियमच्या टाकीत ती घालायची नाही. आणि एलिमेंट कधीही कोरड्या टाकीत चालू करायचे नाही. पाण्याविना ते काही सेकंदांत जळते. थंडीत नळ्यांत अँटीफ्रीझ भरताना टाकी वगळायला बायपासच्या झडपा फिरवलेल्या असतात. वसंतात नवा हीटर बसवणारा त्या तशाच ठेवतो. नळाला पाणी येते, टाकी मात्र रिकामी. नव्या हीटरचे एलिमेंट पहिल्याच दिवशी गेले अशी तक्रार आली की पाहायची ती झडप. गरम पाण्याचा नळ उघडून हवा फसफसत निघून जाऊ द्यायची, धार सलग लागली की मग विजेचा स्विच.