सणाचा बेत (बेने इस्रायल)

बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजात सणाला कोणते पदार्थ करायचे, ते कधी शिजवायचे आणि कोणत्या क्रमाने वाढायचे याची घरोघर होणारी आखणी. हा समाज मूळचा कोकणातला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या माणसांपासून आपला वंश वाढला, अशी त्याची परंपरा सांगते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गावांत ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून आलेली आहेत. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग सामुएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. स्वयंपाकाचा हात कोकणी आणि नियम तोरा या ज्यू धर्मग्रंथातले, अशी या घरांची ओळख आहे. सणाचा बेत ठरतो तो या दोहोंच्या मेळातून.

बेत आखताना आधी पंचांग पाहावे लागते. ज्यू पंचांग चांद्र-सौर असून १९ वर्षांत ७ अधिक मास धरते. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे सणाचे पहिले जेवण रात्रीचे असते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, चूल पेटवणे आणि शिजवणे वर्ज्य आहे. पेसाह, शावुओत, सुक्कोत, रोश हशाना या सणांच्या मुख्य दिवशी मात्र शिजवता येते. फक्त विस्तव आधीपासून पेटलेला हवा आणि शिजवायचे ते त्याच दिवसापुरते. पहिल्या दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी चालत नाही, म्हणून सण दोन दिवसांचा असला की दुसऱ्या रात्रीचे ताट अंधार पडल्यावरच मांडायला घ्यायचे. सण गुरुवार-शुक्रवारी आला आणि पाठोपाठ शब्बाथ लागला, तर सणाच्या आदल्या दिवशी भाकरी किंवा पाव आणि एक शिजवलेला पदार्थ, बहुधा उकडलेले अंडे, आशीर्वाद उच्चारून बाजूला ठेवतात. याला एरुव तावशिलीन म्हणतात. तो ठेवला की शुक्रवारी शब्बाथसाठी शिजवायची मोकळीक मिळते. दहा-पंधरा पाहुणे असलेल्या घरात हा विधी विसरला तर शनिवारची पंगत अडते. तेव्हा बाजारहाटाच्या यादीत तो सगळ्यांत वर लिहावा.

दुसरा निर्णय मांस की दूध हा. दोन्ही एका जेवणात येत नाहीत, भांडीही वेगळी असतात, आणि मांस खाल्ल्यावर दूध घ्यायला पुष्कळ घरांत सहा तास थांबतात. पंगतीला मटण असेल तर त्याला तूप नाही, बिर्याणीच्या मुरवणीला दही नाही, शेवटी बासुंदी नाही आणि चहासुद्धा बिनदुधाचा. जगभरच्या ज्यू घरांना ही अडचण येते. कोकणाने या समाजाला तिच्यावर तोड म्हणून नारळ दिला. हिरव्या मसाल्यातले मटण, कोंबडीचा रस्सा, माशाची आमटी, सांदण आणि हलवा या सगळ्यांत नारळाचे दूध चालते, आणि मांसाच्या जेवणानंतरचे गोडही त्यातून निघते. दह्याचे काम लिंबू, चिंच किंवा आमसूल करते. मांस शोहेताने, म्हणजे विधिपूर्वक कापणाऱ्याने, कापलेले हवे. पुष्कळदा सिनेगॉगचा हज्जानच, म्हणजे प्रार्थना चालवणाराच, हे काम करतो, म्हणून सणाच्या आठवड्यात त्याला आधी सांगून ठेवावे लागते. घरी आणलेले मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, तासभर जाड मीठ लावून ठेवतात आणि तीन पाण्यांनी धुतात. कलेजी मीठ लावून भागत नाही, ती विस्तवावर भाजावी लागते. शेजाऱ्यांच्या भावनांचा मान राखून अनेक घरांनी गोमांस कधीच केले नाही.

मासा मांसात मोडत नाही, पण मांसाबरोबर एकत्र शिजवत नाहीत. त्याची ताटली आधी येते. पर आणि खवले असलेलाच मासा चालतो: पापलेट, रावस, बांगडा, बोय. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, मोरी, शिंगाळा हे सारे बाद. कोकणात राहून कोळंबी सोडणे ही मोठी गोष्ट आहे, आणि पिढ्यानपिढ्या ती पाळली गेली.

वर्षाचा पहिला मोठा बेत रोश हशानाचा, तिश्री महिन्याच्या १ आणि २ तारखांना. जेवणाआधी शुभचिन्हांची ताटली फिरते: मधात बुडवलेले सफरचंद, खजूर, डाळिंब, भोपळा, चवळी, पालेभाजी, माशाचे डोके. प्रत्येक घासासोबत नव्या वर्षासाठी एक मागणे म्हणतात. हे सात-आठ घास होईपर्यंत पाहुण्यांची अर्धी भूक भागते, म्हणून पुढे दोन जड मांसाहारी पदार्थ करण्यात अर्थ नाही. एक मासा, एक रस्सा आणि भात पुरे. जागा राखून ठेवायची ती चिकाच्या हलव्यासाठी.

चिकाचा हलवा हा बेने इस्रायल सणांचा मानाचा पदार्थ, आणि त्याची तयारी सणाच्या चार दिवस आधी सुरू होते. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचे. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि तो रात्रभर निवळू द्यायचा. वरचे पाणी ओतून दिल्यावर तळाशी जो घट्ट पांढरा साका उरतो त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. हात थांबला की गुठळी झालीच. मोठे पातेले असेल तर दोन-तीन तास जातात आणि घरातली माणसे आळीपाळीने उलथने धरतात. कडेने सुटू लागला की वेलची आणि गुलाबी रंग घालून थाळ्यांत ओततात, वर बदाम-पिस्त्याचे काप पसरतात आणि गार झाल्यावर वड्या पाडतात. त्या शेजारीपाजारी वाटल्या जातात, म्हणून माप घरच्या माणसांवर न धरता आळीवर धरावे. आता कॉर्नफ्लॉवर किंवा चायना ग्रास वापरून तासाभरात हलवा होतो. तो वडी धरतो, दिसतोही तसाच, पण चिकाचा चिवटपणा त्याला नाही. वेळ असेल तर चीकच काढावा.

हाईम सामुएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला समाजाचा इतिहास जुन्या कोकणी सणांची नावे नोंदवतो. त्यांत खिरीचा सण आहे, बिरड्याचा सण आहे. बिरड्याचा सण आव महिन्यातल्या शोकाच्या उपवासाशी जोडलेला. त्या दिवसांत मांस बंद असते आणि मोड आलेल्या, सोललेल्या वालांचे बिरडे होते. अदार महिन्यातल्या पुरीमला, होळीच्या सुमारास, पुरणपोळी. योम किप्पूरला, तिश्रीच्या १० तारखेला, बेत दोन टोकांचा: उपवासाआधीचे जेवण कमी मिठाचे आणि कमी मसाल्याचे, म्हणजे तहान लागत नाही, उपवास सोडायला सरबत आणि रवा-नारळाचे सारण भरलेल्या गोड पुऱ्या. त्या आदल्या दिवशीच तळून डब्यात भराव्या लागतात, कारण उपवासाच्या दिवशी चुलीचा प्रश्नच नसतो. शावुओतला दुधाचे पदार्थ करतात आणि हनुक्काला तळणीचे.

सगळ्यांत कठीण आखणी पेसाहची. मराठी बायबलमधला हाच वल्हांडण सण. निसान महिन्याच्या १५ तारखेला, पौर्णिमेच्या रात्री, तो सुरू होतो. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांपासून केलेले आणि फुगलेले काहीही या दिवसांत घरात ठेवता येत नाही. रवा, शेवया, पाव, बिस्किटे तर जातातच. बाजारच्या बांधानी हिंगातही गव्हाचे पीठ असते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून तयार मसाले बाजूला सारून या सणापुरते मसाले घरीच निवडून कुटावेत. जुन्या घरांत आधी भिंतींना चुना लागे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. कोकणातले या सणाचे नाव ‘अनाशी ढाकाचा सण’ हे आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्यावरून पडले, असे सांगतात. आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन कोनेकोपरे तपासतात आणि सकाळी सापडलेले जाळतात.

मध्य व पूर्व युरोपातले ज्यू या दिवसांत तांदूळ आणि कडधान्येही टाळतात. बेने इस्रायल तांदूळ खातात, आणि त्यांनी तो खावा. परक्या रीतीचे ओझे घेऊन पंगतीतला भात काढण्याचे काही कारण नाही. मात्र त्यात गव्हाचा दाणा राहू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा निवडतात. हे काम सणाच्या आठवडाभर आधी उरकावे.

सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या, रात्री ताटात मत्झा (बिनखमिराची भाकरी), कडू पाला, हिरवी पालेभाजी, भाजलेले हाड, अंडे आणि हरोसेत असते. हरोसेत इथे खजुराचे. खजूर भिजवून, शिजवून, गाळून घट्ट पाक होईपर्यंत आटवतात. मत्झा हा पीठ-पाणी एकत्र आल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजलेला असावा लागतो. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादाच्या, म्हणजे या रात्री वाचायच्या पोथीच्या, चित्रांत साड्या नेसलेल्या बायका मत्झा करताना दिसतात. द्राक्षारसाचे चार प्याले होतात. द्राक्षारस नसला तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. इतर सणांच्या किद्दूशलाही, म्हणजे प्याल्यावर म्हणायच्या आशीर्वादालाही, हेच चालते.

हग्गादाचे वाचन लांबते आणि जेवण उशिरा येते. तळलेले, कुरकुरीत किंवा वाढायच्या क्षणी फोडणी लागणारे काही या रात्री ठेवू नये. झाकून गरम राहणारा नारळाच्या दुधातला रस्सा आणि भात सर्वांत बरा. मुलांना आधी उकडलेले बटाटे द्यावेत. गोड पदार्थ अफिकोमानच्या आधी वाढायचा, कारण मत्झाचा तो राखून ठेवलेला तुकडा खाल्ल्यावर आणखी काही खात नाहीत. मलिदा हा गोड पदार्थ पोह्यांचा म्हणजे तांदळाचा, म्हणून तो चालतो. हलवा गव्हाचा, म्हणून या आठवड्यात त्याचे नावही काढू नये.

मलिदा हा खरे तर एलियाहू हनाबींच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्यांच्या, नवसाचा नैवेद्य. पोहे भिजवून त्यात गूळ, ओले खोबरे, वेलची आणि सुकामेवा मिसळतात, भोवती फळे मांडतात आणि प्रार्थनेनंतर वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरच्या खुणा एलियाहूंच्या रथाच्या मानल्या जातात, आणि शेवात महिन्याच्या १५ तारखेला, तू बिश्वातला, तेथे मलिद्यासाठी माणसे जमतात. अर्धा किलो पोह्यांना एक मोठा नारळ लागतो. पोहे भिजवून निथळायचे, पाण्यात ठेवायचे नाहीत. मलिद्यात दूध नसल्यामुळे तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो.

१९४८ नंतर समाजाचा बहुतांश भाग इस्रायलला गेला. लोद, अश्दोद, दिमोना, रामला येथे मराठी बोलणारी घरे आहेत. तिथे पेसाह ७ दिवसांचा, मुंबई-ठाणे-पुण्यात ८ दिवसांचा. भारतातून सणापुरत्या गेलेल्या पाहुण्याने आठवा दिवसही पाळायचा असतो, असे बहुतेक रब्बी मानतात. म्हणून तिथल्या घरांनी असा पाहुणा असेल तर त्याच्यासाठी एका दिवसाचा मत्झा जास्त आणून ठेवावा.